फरशी हलते ती खालून



या पानावर मी एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा अशा विषयांवर लिहितो. या खेपेला फरशीवर लिहितो आहे हे पाहून काहीजण हसतील. पण आपल्या कार्यक्षेत्रात वस्त्या-वस्त्यांवर नवी घरे उभी राहत आहेत. ऊस नोंदीला गेलो की बांधावर नेण्याआधी मला घर दाखवतात. फरशी आरशासारखी असते. मी कौतुक करतो, चहा घेतो, आणि उठताना टाचेखाली कुठेतरी ‘डब्’ असा आवाज येतो. तुरा आलेल्या उसाला दशी पडली की कांडे हातात घेताच कळते, तसाच हा आवाज. घरमालकाला तो ऐकू येत नाही, कारण पैसे नुकतेच खर्च झालेले असतात.

मलाही हा आवाज पूर्वी कळत नव्हता. तो भिवंडीत कळला.

भिवंडीला माझे मेव्हणे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. घराच्या भिंतीला लागूनच मागांची शेड. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो, आणि त्याचा ठोका जमिनीतून घरात येतो. पाहुण्याला रात्री झोप लागत नाही. घरच्यांना मात्र वीज गेली, माग थांबले, की जाग येते.

दिवाळीनंतर मेव्हण्यांनी पुढच्या खोलीची फरशी स्वतः बसवली. गवंड्याने सांगितलेली मजुरी ऐकून त्यांनी मोबाईलवर चार चित्रफिती पाहिल्या, थापी आणि रबरी हातोडा विकत आणला आणि दोन रविवारांत दहा बाय बाराची खोली उरकली. दोन फुटी व्हिट्रिफाइड फरशा, तीसएक नग. माणूस हाताचा कसबी, त्यामुळे रेषा सुताने आखल्यासारख्या सरळ. पाहणाऱ्याला गवंड्याचेच काम वाटावे.

चार महिन्यांत दाराजवळच्या दोन फरशा वाजू लागल्या. मग एकीचा कोपरा उचलला, जाडीने नाण्याएवढा. त्या कोपऱ्याला पाय अडखळून सासूबाई पडल्या आणि मनगट मोडले. प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर घेऊन त्या मला म्हणाल्या, “जावईबापू, घर नवं झालं आणि मी जुनी झाले.” त्यावर काय बोलणार? मेव्हणे तर त्या खोलीत जेवायला बसेनात. त्यातच मे महिन्यात भाचीचा साखरपुडा ठरलेला, तोही घरातच.

आता माझी चूक सांगतो. आपण शेतकी पदविकेचे, अवजारांची सवय, तेव्हा मला वाटले की ही दोन तासांची बाब. वाजणाऱ्या फरशीच्या कडेची दरज उकरली, पांढरे सिमेंट पातळ कालवून आत ओतले, वर पाण्याचा हंडा ठेवला आणि संध्याकाळची गाडी पकडली. तीन आठवड्यांनी फोन आला, “दाजी, आता पाच वाजतात.” ओतलेले सिमेंट धुळीवर बसले होते. खाली धूळ, वर गुळगुळीत फरशी, धरायचे कशाला?

दुसऱ्या खेपेला शेजारच्या आळीतले एक वयस्कर गवंडी बोलावले. त्यांनी आधी थापीलाही हात लावला नाही. बंदा रुपया घेतला आणि गुडघ्यावर बसून प्रत्येक फरशी चारही कोपरे आणि मध्यभागी ठोकली. जिथे आवाज पोकळ, तिथे खडूने फुली. अकरा फरशांवर फुल्या पडल्या. कोपरा उचललेली फरशी पटाशीने अलगद काढली आणि उलटी करून आमच्यापुढे धरली. “वाचा,” म्हणाले.

फरशीची पाठ धुतल्यासारखी स्वच्छ होती. खालच्या मालावर तिच्या पाठीचे ठसे जसेच्या तसे, पण माल एक कणही वर आला नव्हता. गवंडी म्हणाले, पाठ कोरी निघाली तर फरशीने माल धरला नाही. पाठीला माल चिकटून आला तर मालाने जमीन धरली नाही. दुखणे दोन प्रकारचे, औषधही दोन प्रकारचे. मला वाटते, घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एवढे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

पाठ कोरी का निघते? आपल्या वाडवडिलांच्या घरात शहाबादी फरशी असे. कर्नाटकातल्या शहाबादचा तो दगड, मागची बाजू खडबडीत, थोडे पाणी पिणारा. पुढे सिमेंटच्या फरशा आल्या. मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी १९२२ पासून त्या करते. त्याही पाणी शोषतात. म्हणून फरशी भिजवायची, खाली माल पसरायचा, सिमेंटचे पाणी शिंपडायचे आणि ठोकून बसवायची, ही रीत पडली आणि ती बरोबर होती. आता गुजरातच्या मोरबीकडून येणारी व्हिट्रिफाइड फरशी निराळी आहे. ती इतकी घट्ट भाजलेली असते की तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही पाणी पीत नाही. नुसते सिमेंट तिला धरायला कचरते. शिवाय भट्टीत चिकटू नये म्हणून पाठीला लावलेल्या पांढऱ्या भुकटीचा अंश राहिलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो. माल बदलला, रीत तीच राहिली. नवे वाण आणून खताचा हप्ता जुन्या वाणाचा द्यावा, तसे झाले.

मेव्हण्यांच्या आणखी दोन चुका निघाल्या. त्यांनी माल पूर्ण न पसरता पाच ठिकाणी गोळे ठेवून फरशी दाबली होती. मध्ये पोकळी राहिली, आणि कोपऱ्यावर पाय पडला की फरशी झोपाळ्यासारखी डुलायची. दुसरे, सुंदर दिसावे म्हणून फरशा एकमेकींना आणि भिंतीला घट्ट भिडवल्या होत्या. उन्हाळ्यात फरशी किंचित फुगते. तिला जायला जागा नसली की ती वर उठते; कधी कधी तर मोठा आवाज होऊन दोन फरशा तंबूसारख्या उभ्या राहतात. मागांचा ठोका रात्रंदिवस चालूच होता. त्याने आधीच सुटलेले लवकर सुटले इतकेच. शेडला दोष देण्यात अर्थ नव्हता.

दुरुस्ती अशी झाली. चांगल्या फरशीचा कडा उडू नये म्हणून आधी चारही बाजूंच्या दरजा कटरने मोकळ्या केल्या. मग पटाशीने एकेक उचलली. अकरापैकी नऊ अखंड निघाल्या. दोन फुटल्या, पण मेव्हण्यांनी चार जादा आणून ठेवल्या होत्या. (जादा फरशा पोटमाळ्यावर जरूर ठेवा. तोच रंग सहा महिन्यांनी दुकानात मिळत नाही.) खालचे गोळे छिन्नीने काढले, झाडले, मग ओल्या कुंच्याने पुन्हा झाडले. खड्डे एकास चार मालाने भरून सपाट केले, पण फरशीची जाडी आणि वर चिकटद्रव्याचा थर एवढी पातळी खाली ठेवून. ही पातळी चुकली तर नवी फरशी शेजारणीच्या वर येते आणि पुन्हा कोणाचा तरी पाय अडखळतो. तो थर सात दिवस ओला ठेवला. मेव्हण्यांना घाई होती, गवंड्यांना नव्हती.

आठव्या दिवशी बाजारात मिळणारे टाइलचे चिकटद्रव्य कालवले. गोणीवर भारतीय मानक १५४७७ चा उल्लेख आहे का ते पाहून घ्या, आणि पाणी गोणीवर लिहिले तेवढेच घाला. दातेरी थापीने ते खाली सगळीकडे एका दिशेने ओढले आणि फरशीच्या पाठीलाही पातळ हात दिला. फरशी दाबून बसवल्यावर एक मुद्दाम उचलून पाहिली: पाठ कोपऱ्यापर्यंत भरलेली. प्रत्येक दरजेत तीन मिलिमीटरचे प्लास्टिकचे तुकडे, भिंतीकडे बोटभर फट. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. एक दिवस कोणी पाय ठेवला नाही, मग दरजा भरल्या.

आता आपल्याकडचे. आपल्या भागात पाठ कोरी निघणाऱ्या फरशा आहेतच, पण निम्मे दुखणे दुसऱ्या प्रकारचे आहे: मालासकट फरशी सुटते, कारण खालची जमीनच हलते. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीच माती जोत्यात भरून वर कोबा केला तर ती पावसाळ्यात फरशी वर ढकलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. चिकटद्रव्य कितीही भारी असो, तिथे चालत नाही. जोत्यातली काळी माती जमेल तितकी उपसून मुरूम भरावा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसावेत, मगच कोबा. आणि कृपा करून उसाची शेवटची सरी जोत्यापर्यंत नेऊ नका. पाटाचे पाणी भिंतीशी मुरत राहिले की फरशीच्या सांध्यांतून पांढरा क्षार वर येतो. तो पुसून जात नाही, पाणी तोडल्यावरच थांबतो.

अशा घरात दोन-चार फरशा वाजत असल्या तर लगेच उपटू नका. खडूने फुल्या करून पावसाळा जाऊ द्या. फुल्या वाढल्या तर जमिनीचे काम आहे, तेवढ्याच राहिल्या तर फरशीचे.

भिवंडीचा साखरपुडा त्याच खोलीत झाला. प्लॅस्टर निघालेल्या हाताने सासूबाईंनी ओटी भरली. कपाटाखालच्या एका फरशीवर खडूची फुली अजून आहे. ते लोखंडी कपाट हलवायला कोणी तयार झाले नाही.