चाक धाकटे, आकडा मोठा

मोटारीचे टायर गुळगुळीत झाले, की टायरवाल्याच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. "आहे त्याच मापाचा घेतलात तर ५,००० रुपये. पण याच रिमवर बसणारा जरा लहान मापाचा आहे, तो ४,३०० ला देतो. काही फरक पडत नाही साहेब, कितीतरी जण बसवून घेतात!" आकडे येथे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण संवाद खरा आहे. चार टायरमागे २,८०० रुपये वाचतात. साध्या घरात ही रक्कम काही थोडी नव्हे. पुढे दोन-तीन महिन्यांनी आणखी एक सुखद बातमी येते : गाडी ॲव्हरेजही जास्त देऊ लागली!

विद्यार्थी मित्रांनो, ही दुसरी बातमी ऐकल्यावर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने कान टवकारले पाहिजेत. पेट्रोल खरेच वाचले, की दुसरेच काही झाले?

उत्तर शोधण्यासाठी प्रथम टायरच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचू या. आपल्याकडच्या अनेक लहान मोटारींच्या टायरवर १६५/८० आर १४ असे माप आढळते. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्केवारीत. म्हणजे भिंत १६५ च्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर उंच. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणीचे. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ साली या बांधणीचे एकस्व घेतले. शेवटचे १४ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन पाहुणे एका पंगतीला बसवणारे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. प्रथम वर्षाच्या वर्गात मी हे गणित घालतो, तेव्हा निम्मे विद्यार्थी १४ ला २५.४ ने गुणायला विसरतात आणि उरलेल्यांपैकी बरेच जण भिंत एकदाच मिळवतात. टायरची भिंत रिमच्या वर असते तशी खालीही असते, म्हणून ती दोनदा मिळवायची.

१४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात १३२ ची दुप्पट, २६४, मिळवली, की चाकाचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर मिळतो.

आता दुकानदाराने पुढे केलेला टायर पाहा. त्यावर १६५/६५ आर १४ असे लिहिले आहे. रुंदी तीच, रिम तीच; फक्त ८० च्या जागी ६५. भिंत १०७.२५ मिलिमीटर, आणि व्यास ५७०.१ मिलिमीटर. चाक जवळजवळ ५ सेंटिमीटरने लहान झाले, म्हणजे ८ टक्क्यांनी. रिमवर ते चपखल बसते, म्हणून दुकानदार म्हणतो की फरक नाही. रिमला फरक नाही हे खरेच आहे.

गाडीला मात्र आहे. आपण किती अंतर तोडले हे गाडी कसे ओळखते? रस्ता मोजण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नसते. ती फक्त चाकाच्या, किंवा चाकाशी जोडलेल्या दात्यांच्या, फेऱ्या मोजते आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या एका ठरावीक संख्येने गुणते. चाक हीच तिची मोजपट्टी. कापडवाल्याने गज ८ टक्क्यांनी आखूड केला तर कापड तेवढेच राहून गज मात्र जास्त भरतील. येथेही नेमके तेच होते. ६१९.६ ला ५७०.१ ने भागले तर १.०८७ येतात, म्हणजे खरे १०० किलोमीटर झाले की मीटरवर १०८.७ चढतात.

समजा, ही गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते. १०,००० किलोमीटरला तिला सुमारे ५५६ लिटर पेट्रोल लागते. टायर बदलल्यानंतर तेवढ्याच रस्त्याला तेवढेच पेट्रोल लागले, तरी मीटर १०,८७० दाखवील, आणि त्याला ५५६ ने भागल्यावर ॲव्हरेज येईल साडेएकोणीस. पेट्रोलचा एक थेंबही न वाचवता लिटरमागे दीड किलोमीटरची कमाई झाली! वेगाचा काटाही याच फेऱ्यांवर चालतो. तो ताशी ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ७३-७४ नेच जात असते. दर १०,००० किलोमीटरला करायची सर्व्हिसिंग खऱ्या ९,२०० लाच येते. पुढे गाडी विकायची झाली, की मीटरवर न धावलेले किलोमीटर दिसतात आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे कापून घेते.

पण सर्वांत नामी फसवणूक निराळीच आहे, आणि ती टायरच्या आयुष्याविषयीची आहे. टायर किती चालला हे आपण किलोमीटरमध्ये सांगतो. वास्तविक टायरच्या प्रत्येक बिंदूच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते रस्त्याला किती वेळा टेकलो एवढेच; म्हणजे फेऱ्या. मूळ टायर ४०,००० किलोमीटर चालतो असे समजू. त्यात तो सुमारे २ कोटी ११ लाख वेळा फिरतो. त्याच रबराचा आणि तेवढ्याच जाड नक्षीचा लहान टायरही साधारण तेवढ्याच फेऱ्यांत झिजेल असे धरायला हरकत नाही. (वाहन चालवण्याची पद्धत, रस्ता, हवेचा दाब यांनी झीज पुष्कळ बदलते, ते सर्व येथे सारखे धरले आहे.) पण तेवढ्या फेऱ्यांत लहान चाक फक्त ३६,८०० किलोमीटर जाईल. आणि मीटर? तो फेऱ्याच मोजतो, म्हणून तो बरोबर ४०,००० दाखवील! मालक म्हणेल, "पाहा, स्वस्त टायरसुद्धा तितकाच चालला."

आता हिशेब मांडू. मूळ चार टायर २०,००० रुपयांना आणि चाल ४०,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५० पैसे. या दराने ३६,८०० किलोमीटरचे १८,४०० रुपये झाले असते. लहान टायरना दिले १७,२००. खरी बचत १,२०० रुपये. दुकानात २,८०० वाचले असे वाटले होते. त्यातले निम्म्याहून अधिक मोजपट्टीच्या आखूडपणात विरून गेले.

उरलेल्या १,२०० रुपयांचे काय होते ते पाहण्यासाठी चाकाच्या पोटात शिरावे लागेल. गाडीचे वजन तोलून धरते ती टायरमधली हवा. हवेवाल्याला आपण "तीस टाका" म्हणतो, ते चौरस इंचाला ३० पौंड (पुन्हा इंच!), म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम. एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार असेल, तर ३०० भागिले २.१, म्हणजे सुमारे १४० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकले पाहिजे. हाताच्या पंजाएवढी ही जागा. अख्खी गाडी रस्त्याला धरून असते ती अशा चार पंजांनी. टायर रुंद घ्या किंवा अरुंद, भार आणि दाब तेच असतील तर या जागेचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. फक्त आकार बदलतो. हे अनेकांना पटत नाही, पण भागाकार करून पाहिल्यावर पटावे.

चाक फिरते तेव्हा टायरचा एकेक भाग या जागेपाशी येतो, चपटा होतो आणि पुढे जाऊन पुन्हा गोल होतो. रबर वाकवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते सरळ होताना परत देत नाही. काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावा, तो गरम लागतो. ती तुमच्या पेट्रोलचीच ऊब असते. चाकाच्या गतीला होणारा हा रोध गाडीच्या वजनाच्या साधारण एक शतांश असतो. १,००० किलोग्रॅमच्या गाडीला तो झाला सुमारे १०० न्यूटन. तो सारून १०० किलोमीटर जायचे, तर कार्य होते १ कोटी जूल. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे ३.२ कोटी जूल मिळतात, पण चाकापर्यंत त्यातला अंदाजे चौथा हिस्साच पोचतो : ८० लाख. म्हणजे १०० किलोमीटरला सव्वा लिटर पेट्रोल नुसते टायर वाकवण्यात जाते! लागणाऱ्या साडेपाच लिटरपैकी सव्वा.

तोच भार, तोच दाब, तेच रबर असताना लहान व्यासाच्या चाकाला जमिनीशी तेवढाच पंजा टेकवण्यासाठी जास्त वाकावे लागते. म्हणून रोध वाढतो. ही वाढ फार नसते. अवघी ४ टक्के धरा. सव्वा लिटरचे ४ टक्के म्हणजे १०० किलोमीटरला ५० मिलिलिटर, चहाच्या टपरीवरच्या कटिंगहूनही कमी. पण ३६,८०० किलोमीटरमध्ये त्याचे १८.४ लिटर होतात. लिटरला १०० रुपये धरले तर १,८४० रुपये. १,२०० वाचवायला निघालेला मालक ६४० रुपयांनी खड्ड्यात गेला, आणि मीटरकडे पाहून तो अजूनही खूशच आहे.

खड्ड्यावरून आठवले. व्यास ५ सेंटिमीटरने घटला, की आसाची उंची अडीच सेंटिमीटरने घटते आणि गाडीचे पोट तेवढेच जमिनीजवळ येते. आपल्याकडचे गतिरोधक पाहता अडीच सेंटिमीटर ही चैन परवडणारी नाही. शिवाय भिंत बुटकी झाल्याने खड्ड्याचा दणका रिमपर्यंत लवकर पोचतो. टायरच्या मापापुढे ८५टी, ७९टी असे आणखी काही लिहिलेले असते, तिकडेही लक्ष द्यावे. ८५ म्हणजे ५१५ किलोग्रॅम पेलण्याची क्षमता, ७९ म्हणजे ४३७. लहान टायरमध्ये हवा कमी मावते, त्यामुळे हा आकडा बहुधा उतरतो. चार माणसे, डिकीत सामान आणि उतारावर दाबलेला ब्रेक अशा वेळी पुढच्या चाकांवर भार एकदम वाढतो. तेव्हा ही हाताशी राखलेली क्षमता कामाला येते. आणि पैसे कमी म्हणून दोनच चाके लहान बसवली, तर ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, जी चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करत असते, तिला दोन चाके सतत जास्त जोरात फिरताना दिसतात. हा उद्योग मुळीच करू नये.

उलट दिशेने जाऊन मोठे टायर बसवणारेही असतात. त्यांच्या गाडीत काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. वेगमापकांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवत असला तर चालतो, कमी दाखवलेला मुळीच चालत नाही. त्यामागचे कारण उघड आहे.

मग माप बदलून पैसे कधीच वाचत नाहीत का? वाचतात, पण व्यास सांभाळला तर. पुष्कळदा एकाच मोटारीच्या महाग नमुन्याला १८५/६५ आर १५ आणि स्वस्त नमुन्याला १६५/८० आर १४ असे टायर येतात. पहिल्याचा व्यास काढून पाहा : ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५ मिलिमीटर. दोहोंत फरक दोन मिलिमीटरचा, ०.३ टक्के! नवा टायर झिजून संपेपर्यंत त्याची नक्षी ८ मिलिमीटरवरून १.६ पर्यंत येते आणि व्यास १३ मिलिमीटरनी घटतो. त्या मानाने हे दोन मिलिमीटर काहीच नाहीत. महाग नमुन्याच्या मालकाने १४ इंची रिम आणि अरुंद टायर घेतले, तर मोजपट्टी अबाधित राहते, टायर स्वस्त पडतात, उंच भिंतीमुळे खड्डेही कमी जाणवतात. वळणावर गाडी किंचित सैल वाटते, हे खरे. पण रिम विकत घ्यावे लागले तर बचत त्यातच संपते, आणि ब्रेकचा भाग लहान रिममध्ये मावतो की नाही हे आधी पाहावे लागते. कोणती मापे चालतात, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. मूळ माप आणि हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरही चिकटवलेला असतो. दुकानदाराच्या शब्दापेक्षा मी तो कागद आधी वाचीन.

मीटर खरे बोलतो की नाही, हे तपासणे अवघड नाही. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांमधले दहा-वीस किलोमीटर मीटरशी ताडून पाहा, किंवा मोबाइलमधील उपग्रहावर चालणाऱ्या अंतरमापकाशी.

शाळेत करण्याजोगा प्रयोग तर सायकलवरच करता येईल. टायरवर खडूने रेघ ओढा, सायकल सरळ ढकलत नेऊन चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या मोजा आणि अंतर टेपने मोजून दहाने भागा. व्यास मोजून परिघही काढा. मोटारीच्या रेडियल टायरला हा प्रयोग केला, तर एका फेरीतले अंतर व्यासाच्या ३.१४ पट न येता सुमारे ३.०५ पट येते. पाय चुकला असे समजू नका. भारामुळे चाक खाली चपटे होते आणि त्याची परिणामी त्रिज्या घटते. (वरच्या फेऱ्या मी याच आकड्याने काढल्या आहेत.) सायकलवर एकदा कोणाला न बसवता आणि एकदा वर्गातल्या सर्वांत वजनदार मित्राला बसवून मोजा. फरक थोडाच येईल, म्हणून दहाऐवजी वीस फेऱ्या घ्या. रेघ एकदा पुढच्या आणि एकदा मागच्या चाकावर ओढा. दोन्ही चाकांना फरक सारखा आला का? नसेल, तर कोणत्या चाकाला जास्त आला, आणि का?