४२ निघाले, ४१ पोहोचले : जंगलातल्या 'कम्युनिटी एमटीबी राइड'ला जाण्याआधी हे वाचा

दुपारी पावणेबारा. मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या गावाच्या देवळासमोर सायकली आडव्या पडल्या होत्या. पिठलं-भाकरीच्या पंक्ती बसायच्या होत्या. तेवढ्यात आयोजकांपैकी एकानं हातातला कागद दुसऱ्यांदा मोजला आणि विचारलं, "निळ्या जर्सीवाले काका कुणी बघितले?"

कुणीच बघितलं नव्हतं. सकाळी साडेसहाला ४२ जण निघाले होते, देवळापाशी ४१ पोहोचले होते. आणि ते काका शेवटचे जिथे दिसायला हवे होते, त्या फाट्यावर थांबायची जबाबदारी माझी होती.

दिवाळीनंतर सह्याद्रीत अशा राइड सुरू होतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर येतं, नोंदणीची लिंक येते, रविवारी पहाटे गाड्यांच्या टपावर सायकली बांधून मंडळी निघतात. पण जंगलातली सायकल राइड आणि हायवेवरची सायकल राइड यांत नेमका फरक काय? तयारी काय लागते? परवानगी कुणाची? एक-एक करून समजून घेऊया. काकांचं काय झालं, तेही सांगतो.

एमटीबी म्हणजे काय?

एमटीबी म्हणजे माउंटन बायकिंग. डांबरी रस्ता सोडून मुरूम, माती, दगड आणि मुळांनी भरलेल्या वाटेवर सायकल चालवणं.

याची सुरुवात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, मरीन काउंटीत झाली असं मानलं जातं. तिथल्या माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात सत्तरच्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली घेऊन उतारावर झेपावायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका कच्च्या रस्त्यावर पहिली शर्यत घेतली. उतार सुमारे ४०० मीटरचा होता. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. एका फेरीत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला नाव पडलं 'रीपॅक'. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखलही झाला.

'कम्युनिटी राइड' आणि शर्यत यांत फरक काय?

शर्यतीत घड्याळ महत्त्वाचं. हिमाचलमधली 'एमटीबी हिमालय' ही अनेक दिवस चालणारी स्पर्धा याचं उदाहरण. तिथे टप्पे असतात, वेळ नोंदवली जाते, क्रमांक लागतात.

कम्युनिटी राइडमध्ये पहिला नंबर नसतो. सगळे निघतात आणि सगळे पोहोचतात, एवढाच निकाल. म्हणून तिची रचना वेगळी असते.

• लीडर : सर्वांत पुढे. वाट माहीत असलेला. त्याला ओलांडून जायचं नाही.

• स्वीप : सर्वांत मागे. आमच्याकडे गमतीनं 'झाडू' म्हणतात. याच्या मागे कुणीही राहता कामा नये.

• फाट्यावरचा माणूस : वाट फुटते तिथे लीडर आपल्या मागच्याला उभं करतो. मागचा सायकलस्वार येऊन बरोबर वाटेला लागला, की पहिल्यानं निघायचं आणि आलेल्यानं पुढच्यासाठी थांबायचं.

तिसरा नियम दिसायला सगळ्यात सोपा. मोडला तो मी. फाट्यावर मी मोजून सहा मिनिटं थांबलो. कुणी येईना. पुढे उतार दिसत होता, पुढच्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. डावीकडची वाट इतकी उघड आहे की कुणीही चुकणार नाही, असं स्वतःला सांगून मी निघालो. माझ्या मोबाइलवर नकाशा होता. मागच्याकडेही असेल, असं मी धरून चाललो.

ब्रेक का तापतात? थोडं गणित

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा तुम्ही आणि सायकल मिळून वजन ८४ किलो. ३०० मीटर उंची उतरलात, तर सुमारे २.५ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत साधारण पाऊण लिटर पाणी उकळायला येतं. रस्त्यावर वेग जास्त असल्यानं यातली बरीच ऊर्जा हवेच्या विरोधात खर्च होते. जंगलात वेग कमी, त्यामुळे मोठा वाटा ब्रेकच्या डिस्क आणि पॅडवर येतो. एसटीचा चालक घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये का ठेवतो, त्याचं उत्तर हेच. सायकलला ती सोय नाही.

म्हणून सबंध उतारभर ब्रेक दाबून धरू नका. वळणाच्या आधी सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, मग सोडा. डिस्कला थंड व्हायला तेवढा वेळ मिळतो. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर हँडलवरून पुढे जाल. नुसता मागचा दाबलात, तर चाक लॉक होऊन घसरेल.

उतारावर सीट खाली करा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा, गुडघे-कोपरं सैल सोडा, वजन मागे घ्या. आणि नजर पुढच्या चाकावर नको, दहा-पंधरा फूट पुढे हवी. ज्या दगडाकडे बघाल, त्याच दगडावर जाल.

टायरमध्ये हवा किती?

भाड्यानं सायकल घेतली तर दुकानदार बहुतेक वेळा टायर टणक होईपर्यंत हवा भरून देतो. रस्त्यावर ते चालतं. घसाऱ्याच्या वाटेवर टणक टायर चेंडूसारखा उडतो. ट्यूब असलेल्या एमटीबी टायरला साधारण २५ ते ३० पीएसआय पुरतं. वजन जास्त असेल तर थोडं वाढवा. फार कमी केलंत, तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

सोबत काय हवं?

• हेल्मेट. ते नसेल तर चांगला आयोजक तुम्हाला निघूच देणार नाही. बोटं झाकणारे हातमोजे.

• दोन ते तीन लिटर पाणी, ओआरएस, चिक्की किंवा खजूर. उन्हात नुसतं पाणी पुरत नाही.

• स्वतःच्या मापाची स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल. "कुणाकडे तरी असेल" असं सगळ्यांनीच म्हटलं की कुणाकडेच नसतं.

• शिट्टी. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. हा डोंगरातला जगभर मान्य असलेला इशारा आहे.

• ऑफलाइन नकाशा आणि पूर्ण चार्ज केलेला फोन. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण दरीत नेटवर्क नसतं, हे धरूनच निघा.

• अत्तर, डिओ नको. कड्याला आग्या मोहोळ असतं. उग्र वासानं माश्या उठू शकतात. पोळ्याखाली थांबू नका, आरडाओरडा करू नका.

जंगलात जायला परवानगी लागते का?

लागते, आणि नोंदणी करण्याआधी आयोजकाला हाच प्रश्न पहिला विचारा.

अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते. पर्यटनासाठी ती देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आहे. ताम्हिणीसारखा परिसर अभयारण्यात मोडतो. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरतो. काही ठिकाणी वनहक्क कायदा, २००६ नुसार जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे असतं. शिवाय वाटेत कुणाचं तरी खाचर असतं, कुणाचं मालकी रान असतं. देवराई असेल, तर गावाचे स्वतःचे नियम असतात. 'नेहमी जातो, कुणी अडवत नाही' ही परवानगी नव्हे.

अमेरिकेतही हा वाद झालाच. सायकली वाढल्या, तशा पायी चालणाऱ्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या. जिथे हा खेळ रुजला, त्या मरीन काउंटीतल्या अनेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या. त्यातूनच १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. तिचे मूळ नियम साधे आहेत : खुल्या वाटेवरच चालवा, खूण मागे ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, जनावरांना घाबरवू नका, तयारीनं या.

एका स्किडनं काय बिघडतं?

मागचं चाक लॉक करून घसरत जाणं व्हिडिओत भारी दिसतं. पण फिरणाऱ्या चाकापेक्षा घसरणाऱ्या चाकाची पकड कमी असते, म्हणजे थांबायला जास्त अंतर लागतं. वर ते चाक माती खरवडतं. वीस जण एकाच जागी घसरले की वाटेला पन्हळ पडते. पावसाळ्यात पाणी सोपी वाट शोधतं, ते त्याच पन्हळीतून धावतं. पुढच्या हंगामात तिथे घळ झालेली असते. ती चुकवायला लोक बाजूनं दुसरी वाट पाडतात, तिथलं गवत आणि कारवी तुडवली जाते.

ओल्या मातीत हे कितीतरी वेगानं होतं. म्हणून भर पावसात आणि पाऊस उघडल्यावर लगेच मातीची वाट टाळा. चिखलातून जावंच लागलं, तर मधूनच जा, कडेनं नको. गावातल्या बायाबापड्या याच वाटेनं डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. आपण वर्षातून दोनदा येतो, त्या रोज.

वाटेत गुरं आली तर उतरून उभे राहा. गवा किंवा रानडुक्कर दिसलं तर थांबा, हळूहळू मागे व्हा आणि त्याला वाट सोडा. जखमी वन्यप्राणी किंवा वणवा दिसला, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

मग काका कुठे होते?

फाट्याच्या अलीकडे त्यांची चेन पडली होती. ती बसवून ते आले, तेव्हा फाट्यावर कुणी नव्हतं. मला उघड वाटलेली डावी वाट त्यांना झुडपांमुळे दिसलीच नाही. उजवीकडे ताजी, रुंद वाट होती. ती ढोरवाट होती, गुरांची. ती ओढ्यापर्यंत गेली आणि संपली. आमचा स्वीप मागून येऊन डावीकडे वळला. पुढचे दिसत नाहीत, म्हणजे काका पुढच्यांत मिसळले, असा त्याचा समज झाला. एका माणसाच्या कंटाळ्यानं सगळी साखळीच तुटली.

स्वीप, आयोजक आणि मी परत वर गेलो. पाठारावर एक धनगर मामा भेटले. आम्ही विचारायच्या आत म्हणाले, "सायकलवाला हुडकताय व्हय? खाली वढ्यात कुत्री मगाधरनं भुकत्यात." त्यांनीच पुढे होऊन वाट दाखवली. अर्ध्या तासानं शिट्टी ऐकू आली. मोजून सहा.

काका सावलीत बसले होते. गुडघा सोललेला, बाटलीत दोन घोट पाणी. चढून परत यायची ताकद उरली नव्हती, म्हणून शहाणपणानं एकाच जागी थांबले होते. मी माफी मागितली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "फाट्यावर तू असशील म्हणून मी चेन निवांत बसवत होतो रे."

आम्ही देवळापाशी पोहोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. एकही ताट वाढलेलं नव्हतं. बाकीचे सगळे उपाशी बसून होते.

नोंदणीआधी विचारायचे ५ प्रश्न

१. वनविभागाची आणि गावाची परवानगी आहे का?

२. एकूण अंतर आणि चढ किती मीटर? नुसतं अंतर सांगून भागत नाही. डोंगरातले २५ किलोमीटर रस्त्यावरच्या ६० पेक्षा जड जाऊ शकतात.

३. वाटेची काठिण्य पातळी काय? आंतरराष्ट्रीय खुणांमध्ये हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. पहिल्यांदा जात असाल तर सोपीच निवडा.

४. लीडर आणि स्वीप कोण? प्रथमोपचार कुणाला येतात? जवळचं रुग्णालय कुठे?

५. मध्येच सोडायची वेळ आली, तर डांबरी रस्त्याला कुठून लागता येतं?

पुढच्या महिन्यातल्या राइडची लिंक परवा ग्रुपवर आली. फॉर्ममध्ये 'स्वयंसेवक म्हणून काम कराल का?' असा रकाना आहे. मी 'स्वीप' लिहिलंय. निळ्या जर्सीवाल्या काकांचंही नाव यादीत आहे.