दाण्यांचा आकार, दाण्यांची रांग

मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर पहिला प्रश्न पावडरचा असतो. "काकू, काखेत पावडर, डिओ काही लावलंय?" लावलं असेल तर टेक्निशियन ओला नॅपकिन पुढे करते. पावडरीतली खनिजं क्ष-किरणांत पांढरे ठिपके होऊन उमटतात, आणि आतल्या डॉक्टरबाई दिवसभर शोधतात तेही पांढरे ठिपकेच.

एरंडवण्यातल्या त्या केंद्रात, पडदे ओढलेल्या खोलीत, मी त्यांच्यामागे बसले होते. प्रत्येक स्तनाची दोन चित्रं, एक वरून घेतलेलं, एक तिरकं. पडद्यावरचं भिंग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश सरकतं. कुठे रक्तवाहिनीच्या दोन्ही कडांनी साचलेला कॅल्शियम, कुठे जुन्या निरुपद्रवी गाठीतले जाडजूड गोळे. यांची नोंद होते, चौकशी होत नाही. तपासणीला येणाऱ्या वयाच्या बायकांत असे कण सर्रास सापडतात. "मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?" हे मात्र जवळजवळ प्रत्येकजण विचारते. नको, खाण्यातल्या कॅल्शियमचा इथे संबंध नाही.

भिंग थांबतं ते अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, वेडेवाकडे दाणे एका जागी दाटलेले दिसले की. दुधाच्या नलिकेत असामान्य पेशी दाटल्या की मधल्या पेशी मरतात, त्यांत कॅल्शियम साचतो आणि नलिकेचाच साचा घेतो. म्हणून रांगेत लागलेले, फाटे फुटलेले दाणे सर्वांत संशयास्पद. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमन यांनी 1913 साली काढून टाकलेल्या स्तनांचे क्ष-किरण फोटो घेतले तेव्हा हे दाणे त्यांना दिसले होते.

एका चित्रात असाच धूसर पुंजका होता. डॉक्टरबाईंनी त्या बाईंना परत आत बोलावून मोठं करून चित्र घेतलं, शिवाय एक सरळ बाजूने. वरून पसरट दिसणारे दाणे बाजूने पाहताच वाटीच्या तळाशी बसल्यासारखे दिसले: बारीक पाणगाठीत साका धरलेला कॅल्शियम. विषय संपला. या जादा चित्राला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत एक सुई टळली.

सगळ्यांचं असं सुटत नाही. अहवालात शेवटी एक आकडा येतो. 2 म्हणजे निर्धास्त. 3 म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्के किंवा त्याहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र. 4 म्हणजे बायोप्सी, आणि त्यातही '4अ'ची शक्यता दोन ते दहा टक्केच. सर्वांत अवघड सांगणं 3चं. सोबत आलेला मुलगा म्हणतो, "मॅडम, एकदाचं काढूनच टाका ना!" त्याला समजावता येतं. मला जास्त काळजी वाटते ती मान डोलावून गेलेल्या आणि पुन्हा न फिरकणाऱ्या बाईंची. तुलनेला जुनं चित्र लागतं. पॅकेज स्वस्त मिळेल तिथे दरवर्षी वेगळ्या ठिकाणी तपासणी झालेली असते आणि जुनी सीडी कुणाच्या कपाटात आहे ते घरात कुणालाच ठाऊक नसतं. दोन वर्षांपूर्वीचं चित्र हाती आलं आणि दाणे तसेच दिसले, तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

हे दाणे हाताला लागत नाहीत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998पासून वीस वर्षं, सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. दाण्यांचा प्रश्न ज्यांच्यापर्यंत मॅमोग्राफी पोचते त्यांचा. बाकीच्यांसाठी तो सेविकेचा हात आजही मोठा आहे, असं मला वाटतं.

दुपारी एक बायोप्सी होती. सोनोग्राफीत हे दाणे बहुधा दिसत नाहीत, म्हणून दोन कोनांतल्या क्ष-किरण चित्रांवरून खोली मोजून सुई घालतात. शेवयांएवढे तुकडे ताटलीत आले, आणि लगेच त्या तुकड्यांचाच क्ष-किरण काढला. दाणे तुकड्यांत उतरले नसतील तर पुन्हा सुई. उतरले होते. त्या जागी धातूची बारीक खूण सोडली, पट्टी बांधली.

पॅथॉलॉजीचा अहवाल काही दिवसांनी येतो. तो 'निरुपद्रवी' म्हणाला तरी डॉक्टरबाई चित्र पुन्हा उघडून दोन्ही जुळतात का ते पाहतात. चित्र फारच संशयास्पद आणि अहवाल अगदी साधा असेल, तर त्या अहवालावर विसंबत नाहीत. जास्त तुकडे घेतात, नाहीतर सर्जनकडे पाठवतात.