धुळीनें माखलेलीं पाउलें

संतांच्या पायांवर डोकें ठेवण्याची आपली चाल फार जुनी. परंतु देवघरांतल्या तसबिरींत ते पाय कधीं मळलेले दिसत नाहींत. देहूहून पंढरपुरापर्यंत चालत गेलेल्या वारकऱ्याच्या भेगाळलेल्या टाचा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना तसबिरींतील तुकोबांचीं पाउलें नुकतींच धुतल्यासारखीं वाटतील. कांदिवलींत पोयसरच्या जुन्या चर्चाच्या आसपास ख्रिस्ती घरांतून जीं संतचित्रें टांगलेलीं दिसतात, त्यांचीही तीच तऱ्हा. युरोपांत मात्र चारशें वर्षांपूर्वीं याच पायांवरून वाद माजला होता.

प्रॉटेस्टंट पंथ संतपूजेवर तुटून पडला, तेव्हां १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें संतांच्या प्रतिमांचा पुरस्कार केला. निरक्षरांनाही चित्रांवरून धर्म समजावा, हा हेतु. आतां चित्र सर्वांस समजावयाचें, तर त्यांतला माणूस सर्वांसारखा हवा. पण किती सारखा? रोममधील सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चसाठीं काराव्हाज्जोनें १६०२ सालीं संत मॅथ्यूचें चित्र काढलें. टक्कल पडलेला एक राकट म्हातारा पायावर पाय टाकून बसला आहे. पंतोजींनीं धूळपाटीवर पोराचा हात धरून गिरवावें, तसा देवदूत त्याचा हात धरून लिहवीत आहे. आणि त्याचा उघडा पाय थेट पाहणाऱ्याच्या अंगावर आलेला! हें संताचें रूप नव्हे, असें म्हणून तें चित्र नाकारण्यांत आलें. चित्रकारानें दुसरें, अधिक सोज्ज्वळ चित्र करून दिलें. तें अद्याप तेथें आहे. पहिलें पुढें बर्लिनला गेलें आणि १९४५ सालीं युद्धांत नष्ट झालें. मला विचाराल तर पहिलेंच अधिक धार्मिक होतें. मॅथ्यू हा मूळचा जकात गोळा करणारा. अशा माणसाला ग्रंथ लिहितां यावा, ही देवाची करणी त्या अडाणी हातांतच दिसते.

काराव्हाज्जो कांहीं नमला नाहीं. लोरेतोच्या मेरीच्या चित्रांत गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे चिखलानें भरलेले तळवे त्यानें भक्तांच्या डोळ्यांसमोर आणले, आणि लोकांत पुन्हां गलका उडाला.

रूबेन्सनें सोयीचा मार्ग काढला. आपल्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरचें जें प्रचंड चित्र त्यानें १६१७-१८ च्या सुमारास अँटवर्पच्या जेझुइटांसाठीं रंगविलें, तें सध्यां व्हिएन्नास आहे. त्यांत चांचपडत येणारा आंधळा आहे, थडग्यांतून उठणारा मृत आहे. देहाचीं दुःखें सगळीं भोंवतालच्या लोकांना वांटून दिलीं आहेत. स्वतः झेवियर काळ्या झग्यांत, उंचावर, अस्पर्श! मागें मूर्ति कोसळते आहे, हें आपणां हिंदूंस रुचणारें नाहीं, तें असो.

प्रत्यक्षांत या संताच्या देहाची कथा कोणत्याही कुंचल्याहून रोखठोक आहे. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनजवळच्या एका बेटावर तो वारला. १५५४ मध्यें शव गोव्यास आलें. १६१४ सालीं उजवा हात तोडून रोमला नेला. फ्लॉरेन्सच्या फोजिनीनें घडविलेला संगमरवरी चौथरा बॉम जेझूच्या चर्चांत १६९८ सालीं बसला. पायाचें एक बोट कोणा भाविक बाईनें चुंबनाच्या मिषानें चावून नेलें, अशी आख्यायिका आहे. २०२४-२५ च्या दर्शनासाठीं हा देह से कॅथेड्रलमध्यें ठेवला होता. पूर्वीं लोक त्या पायांचें चुंबन घेत. आतां मध्यें कांच असते.