पगारपत्रकातले दोनशे रुपये

मे १९७३. महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर त्या महिन्यात सुमारे ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख भरली होती. म्हणजे तान्ही पोरं, म्हातारीकोतारी, गिरणीतले कामगार आणि मंत्रालयातले सचिव, सगळे हिशेबात धरले तरी दर दहांतलं एक माणूस सरकारी कामावर खडी फोडत होतं किंवा माती उपसत होतं. नुसता ग्रामीण भाग घेतला तर सातांतलं एक. त्या काळची अख्खी मुंबई साठेक लाखांची होती.

५० लाख म्हणायला सोपं आहे, त्यांची हजेरी घेऊन बघा. सेकंदाला एक नाव, मध्ये चहा नाही, झोप नाही, तर शेवटच्या नावापर्यंत पोचायला जवळजवळ ५८ दिवस लागतील. आणि हजेरी तर रोजची. मजुरी माणशी दोन रुपये धरली तरी दिवसाचे एक कोटी झाले, तेही रोख, सुट्या नोटांत, तालुक्याच्या ट्रेझरीतून निघून माळरानावरच्या कामापर्यंत पोचायचे. या सगळ्याला आधार कशाचा, तर मस्टरचा कागद, मुकादमाची आरोळी आणि अंगठ्याची शाई.

कामाचाही हिशेब करू. पुष्कळ जण खडीवर होते, त्यामुळे हा फक्त अंदाज: प्रत्येकाने दिवसाला एक घनमीटर माती हलवली, तर एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा ५००० किलोमीटर लांबीचा बांध तयार होतो. रोज. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३२१४ किलोमीटर आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या की सुकडीचा खाऊ येतो, लाल मिलो ज्वारी येते. फोडलेल्या खडीचे ढीगही येतात, कारण त्यातल्या कित्येक ढिगांना पुढे रस्ता भेटलाच नाही. मला या ढिगांचं महत्त्व वाटतं. माणसं कामाला तयार होती, सरकार पैसे द्यायला तयार होतं, पण काय बांधायचं हे आधी कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. अशा वेळी खडीच फोडली जाते.

ही गोष्ट वि. स. पागे यांना दुष्काळाच्या आधीच कळली होती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर त्यांचं गाव. विधान परिषदेचे ते सभापती होते. १९६५ च्या सुमारास त्यांनी तिकडेच कामाच्या हमीचा लहानसा प्रयोग केला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गावातल्या प्रौढाने काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. काम मागणं हा हक्क झाला.

पण हक्काला पैसा लागतो. तो कुठून आणला, ही या योजनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात ‘पीटी २००’ अशी जी ओळ असते, ती हीच. फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर आणि आणखी काही कर रोजगार हमी निधीत जायचे, आणि जेवढे जमतील तेवढेच पैसे राज्याने आपल्या तिजोरीतून त्यात घालायचे, अशी तरतूद केली. एक रुपया पगारदाराचा, एक सरकारचा.

आता अलीकडच्या भावाने मांडू. महाराष्ट्रात केंद्राच्या रोजगार हमी योजनेची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. एका पगारदाराच्या वर्षभराच्या व्यवसाय करातून आठ दिवसांची मजुरी निघते. सरकारचा तेवढाच वाटा धरला तर सोळा दिवसांची. एका कुटुंबाला १०० दिवस काम द्यायचं तर ३१,२०० रुपये, म्हणजे सरकारच्या वाट्यासह साधारण सहा-सात पगारदारांचा वर्षाचा कर. अंधेरीच्या ऑफिसातली एक रांग बीडमधल्या एका घराचं शंभर दिवसांचं काम उचलू शकते, आणि दोन्हीकडे कुणाला त्याचा पत्ता नसतो. कराची कमाल मर्यादा मात्र घटनेच्या कलम २७६ मध्ये १९८८ पासून २५०० वरच अडकलेली आहे. मजुरी वाढत गेली, ओळ तीच राहिली.

पैशाची ही बाजू झाली. दुसरी बाजू माणसांची, आणि राज्याच्या योजनेत ती जास्त किचकट होती. मागणी नोंदवून घ्यायची तहसीलदाराने, आराखडा आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याची, पण कुदळ मारायची जागा दाखवणार पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन नाहीतर जिल्हा परिषद. ही खाती वेगवेगळी, त्यांचे साहेब वेगळे, बढत्या वेगळ्या. मजूर किमान ५० जमले तर नवं काम काढायचं, ते शक्यतो गावाच्या जवळ हवं, आणि पंधरा दिवसांचं घड्याळ चालू. म्हणून सरकारी भाषेत ज्याला ‘शेल्फवरची कामं’ म्हणतात, ती आधीच मोजून, मंजूर करून ठेवलेली लागायची: पाझर तलाव, नालाबांध, रस्ता. शेल्फ रिकामं असेल तर निधी बँकेत आणि मजूर ऊसतोडीला. शेल्फ भरलेलं आहे पण मोजमाप घ्यायला अभियंता नाही, तर मस्टर अडकायचं आणि मजुरीही.

मे १९८८ मध्ये योजनेची मजुरी दुप्पट झाली. कामावर झुंबड उडेल असं वाटेल. झालं उलटं, पुढच्या काळात कामावरची संख्या घटली. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासून दाखवलं की लोकांची गरज कमी झाली नव्हती, कामंच हात राखून काढली जात होती. कागदावर हमी शाबूत होती. कराची जमा योजनेच्या खर्चाहून मोठी, अशीही वर्षं येऊन गेली आहेत.

महाराष्ट्राची ही कल्पना २००५ मध्ये देशाचा कायदा झाली. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात त्या कायद्याखाली ७ कोटी ५५ लाख कुटुंबांनी काम केलं आणि ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. एकाच माणसाने एकही सुट्टी न घेता हे काम करायचं म्हटलं तर सुमारे एक कोटी साडेसहा लाख वर्षं लागतील. पण त्याच आकड्यांचा भागाकार केला की दर कुटुंबाला सुमारे ५२ दिवस येतात. हमी १०० दिवसांची होती.

त्या कायद्यात अकुशल मजुरीचा शंभर दिवसांपर्यंतचा सगळा भार केंद्रावर होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. दिवस वाढल्याचं कौतुक करायला घाई नको. ज्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी पगारदारांकडून याच कामासाठी कर घ्यायला सुरुवात केली, त्याला वाटा परवडत नाही असं म्हणायला तोंड नाही. तेव्हा व्यवसाय कर भरणाऱ्यांनी आपल्या आमदाराला दर अर्थसंकल्पी अधिवेशनात दोनच आकडे विचारावेत: या कराचे वर्षात किती कोटी जमले, आणि त्यातले किती मजुरीवर गेले.