बाटली सुटल्यावरची गोळी
(द्वितीय वर्ष, कला)

दारू सोडणे कठीण, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु दारू सुटल्यावर जी भीती अंगात शिरते, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. हात कापतात, छाती धडधडते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. वीस वर्षे कानांना जाणवतही नसलेला मागाचा खडखडाट डोक्यात घण घातल्यासारखा वाटू लागतो. आमच्या भिवंडीत बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्याला असे चार दिवस घरी बसून काढणे परवडत नाही. मग कोणी सांगतो, "एक गोळी घे, झोप लागेल." दुसरा बजावतो, "गोळी घेतलीस तर दारू सोडली असे म्हणू नकोस." माझ्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे.

मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन आहे. त्याचे काम लगामाचे. दारू हा लगाम अधिक ओढून धरते, म्हणून पिणाऱ्याला शांत वाटते. रोज दारू मिळू लागली की मेंदू आपला स्वतःचा लगाम सैल करतो. अशा वेळी दारू एकाएकी बंद झाली तर घोडा उधळणारच. काही तासांतच कापरे भरते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. यात माणूस दगावूही शकतो. तेव्हा 'मनाचा निग्रह कर' एवढे सांगून भागत नाही.

येथे गोळी कामाला येते. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली 'लिब्रियम' या नावाने बाजारात आले. १९६३ साली त्याच कुळातील 'व्हॅलियम' आले. या गोळ्या त्याच गाबाच्या लगामाला हात घालतात. म्हणूनच रुग्णालयात दारू सोडवताना त्या देतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत मात्रा उतरवत बंद करतात. तेवढ्यापुरती ती गोळी जीव वाचवणारी आहे.

पण ज्या कारणाने ती उपयोगी, त्याच कारणाने ती धोक्याची. कुलूप तेच, किल्ली तेवढी बदललेली! या कुळातील अल्प्राझोलामचा गुण लवकर येतो नि लवकर उतरतो. उतरला की भीती परत, म्हणून पुन्हा गोळी. काही आठवड्यांत एकीच्या जागी दोन लागतात. वर दारूही घेतली तर श्वास मंदावून झोपेतच माणूस जाऊ शकतो.

भिवंडीच्या पद्मानगरात तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या मूळ मुलखातील ताडीत हेच अल्प्राझोलाम मिसळले जाई. २०१५ साली सरकारने त्यावर कारवाई केली, तेव्हा निजामाबादकडे ताडी पिणारे कित्येक लोक फिटा व भ्रम घेऊन रुग्णालयात आले. त्यांना सुटली ती ताडीपेक्षा गोळी!

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आळीतल्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला माझ्याकडे येतात. एक काकी अशीच चिठ्ठी घेऊन आल्या. काका सव्वा वर्ष दारूला शिवलेले नाहीत, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. चिठ्ठीही सव्वा वर्षापूर्वीचीच, घडीवर फाटलेली. तीवर लिहिले होते 'दहा दिवस'. अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे 'एच-१' या यादीत आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रोग्याचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. येथे मात्र नुसते रिकामे पाकीट दाखवले की नवे मिळत होते.

म्हणून भीतीवर औषधच नको काय? तसे मुळीच नाही. असह्य भीती माणसाला परत गुत्त्यावर नेते. दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत पुष्कळांची भीती आपोआप ओसरते. न ओसरल्यास तो वेगळा आजार समजून उपचार करावा लागतो. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रामसारख्या औषधांची अशी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि घाईचा रोगी आठवड्यातच ती फेकून देतो. समुपदेशनही तितकेच उपयोगी. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सभांत काही उत्साही मंडळी सर्वच गोळ्यांना नावे ठेवतात. पण कोणाही सभासदाने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये, असेच त्या संस्थेच्या पुस्तिकेत सांगितले आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'मध्येही औषधाच्या जोडीला गटातील बोलणे आणि घरच्या माणसांचा सहभाग असतो, तो उगाच नव्हे.

डॉक्टरांना आपण पीत होतो हे आधी सांगावे, आणि गोळी दिली तर 'ही बंद कधी करायची?' हे तेथेच विचारावे. पाकीट घरातील दुसऱ्या माणसाकडे ठेवावे. सरकारची १४४१६ ही 'टेली-मानस' सेवाही विनामूल्य आहे. मात्र महिनोन्‌महिने चाललेली गोळी रागाच्या भरात एकदम फेकू नये; दारूप्रमाणे तीही एकाएकी सुटली तर फिट येते.

काकांना आता ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेतात. दर काही आठवड्यांनी पाव गोळी कमी होते. काकी ती ब्लेडने कापून देतात. दोनवरून सध्या अर्धीवर आली आहे.