पाच फुटी बाईचा डिटेक्टर

पहाटे साडेपाच

सप्टेंबरच्या अखेरीस सफोकमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिला चहा दिवा लावूनच होतो. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी मेटल डिटेक्टर खालून वर तपासत जाते. तळाची गोल कॉइल दांड्याला नायलॉनच्या बोल्टने जोडलेली असते. धातूचा बोल्ट घातला तर मशीन स्वतःलाच ऐकत बसेल. बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे रबरी वॉशर झिजले की कॉइल मान टाकते आणि दर चार पावलांनी पायाने सरळ करावी लागते. वॉशरची जोडी कपभर चहाच्या किमतीत मिळते, तरी लोक लुळी कॉइल घेऊन अख्खा हंगाम काढतात. मग वायर. ती दांड्याभोवती घट्ट गुंडाळून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधायची. सैल राहिली तर झोक्याबरोबर हलते आणि जमिनीत काही नसताना कानात चिवचिवाट होतो.

"अगं, शेतात चाललीस की लढाईला?" नवरा जिन्यावरून विचारतो. त्याचं अगदीच चूक नाही. हातात धरून सुरुंग शोधायचं यंत्र युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने १९४१ साली स्कॉटलंडमध्ये तयार केलं आणि पुढच्याच वर्षी एल अलामेनच्या वाळूत जवानांनी ते फिरवलं. वजन १४ किलोच्या आसपास. माझं मशीन दीड किलोच्या आत आहे, पण मूळ मापाने तेही मला दोन तासांपलीकडे झेपत नव्हतं. हे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो गिऱ्हाईक असतो तो बहुधा सहा फुटी असावा. मी पाच फूट एक इंच.

सात

शेताच्या फाटकापाशी मैत्रिणीची मुलगी उभी आहे. लंडनहून पहिल्या गाडीने आली, नवंकोरं मशीन खोक्यासकट. गहू कापून झालाय, धसकटं उभी आहेत, आणि पेरणी आठवड्यावर आलीय. शेत मोकळं मिळायचे हे शेवटचे दिवस. मालकाची परवानगी लेखी आहे. तिच्याशिवाय इथे कुणाच्या रानात मशीन न्यायचं नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी तर १९७९च्या कायद्याने वेगळ्या लेखी परवानगीशिवाय नेताच येत नाही.

मालक जीपमधून हात करतो. "हातोडी सापडली का?" हा सफोकचा ठरलेला विनोद. १९९२च्या नोव्हेंबरात इथल्याच हॉक्सन गावात एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला एरिक लॉज डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळाच्या शेवटाकडचा ठेवा लागला. त्यात १४,८६५ नाणी होती. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॉज यांचं खरं मोठेपण असं, की थोडं खणताच त्यांनी हात थांबवला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं.

साडेसात

"मावशी, सुरू करूया ना?" पोरीला घाई. मी म्हटलं, आधी मशीन अंगाला बसवू, ब्लाऊज बसवतात तसं. अर्धा तास यातच जाणार आणि तो जायलाच हवा.

तिला सरळ उभं केलं. खांदा सैल, कोपर अंगालगत, नजर समोर. या अवस्थेत कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर तरंगायला हवी. तिची अर्धा फूट पुढे पळत होती, कारण दांडा दुकानातून आला तसाच लांब. लांब दांडा म्हणजे कॉइल अंगापासून दूर, आणि जितकी दूर तितकी मनगटाला ओढ जास्त. खालचा भाग तीन भोकं आत सारला. मापाच्या जागी पांढऱ्या करेक्शन पेनने रेघ मारून दिली, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज नको.

मग हाताचा मागचा कप. मुठीपासून कपापर्यंतचं अंतर दांड्याच्या लांबीहून महत्त्वाचं, आणि त्याकडेच कुणी बघत नाही. कपाची मागची कड कोपराच्या हाडाच्या अलीकडे संपली पाहिजे. ती थेट कोपरावर आली तर तिथून जाणारी शीर दाबली जाते आणि तासाभरात करंगळी व तिच्या शेजारचं बोट झिणझिणायला लागतं. लोकांना वाटतं मनगट दुखावलं. मनगटाला पट्टा बांधून बसतात. तिचा कप दोन स्क्रू काढून एक भोक पुढे घेतला. आत जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून चिकटवला. वरचा पट्टा एवढा सैल, की मशीन टाकून हात झटकन बाहेर काढता यावा.

शेवटी मूठ. कारखान्याची मूठ गुळगुळीत आणि बारीक असते, म्हणून आपण ती नकळत आवळून धरतो. त्यावर क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवली. मूठ जाड झाली की बोटं सैल पडतात.

"आता बघ."

तिने डावीकडून उजवीकडे एक झोका घेतला, मग दुसरा. "हे माझंच मशीन आहे ना?"

नऊ

आता जमिनीशी जुळवणी. स्वच्छ जागा बघून कॉइल वर-खाली करायची, जमिनीतल्या खनिजांचा आवाज बसेपर्यंत. बांधावरून विजेच्या मोठ्या तारा जातात, तिथे मशीन पिसाळतं. वारंवारता बदलून बघायची, तरी नाही थांबलं तर संवेदनक्षमता दोन पायऱ्या उतरवायची. थोडी खोली जाते, जाऊ दे. कानात सतत खरखर घेऊन चाललं तर तासाभरात खरा आवाजही ऐकू येईनासा होतो. कानांचा आरामही आरामच.

झोका मनगटातून घ्यायचा नाही, कमरेतून घ्यायचा. कॉइल दोन्ही टोकांना सपाट राहिली पाहिजे.

साडेदहा

थर्मासमधला चहा. पोरगी माझ्या मशीनच्या शेपटाला लटकलेल्या कापडी पिशवीकडे बघतेय. "यात काय आहे?" पेनी आहेत. मोजून शंभर.

समोर जड कॉइल, मागे हलका कप. मशीन सदा पुढे झुकू बघतं आणि ते झुकणं मनगट अडवतं. कॉइल अर्धा किलोची आणि मुठीपासून ९० सेंटिमीटर पुढे, तर मुठीमागे ३० सेंटिमीटरवर टांगलेलं वजन तिची ओढ काही अंशी फेडतं. एक पेनी ३.५६ ग्रॅमची, शंभरांचे ३५६ ग्रॅम. कॉइलची जवळपास पाव हिस्सा ओढ त्यात वळती होते. तयार काउंटरवेटही विकत मिळतात. माझ्याला एक पौंड लागला, आणि तो पौंड अजून माझाच आहे.

वजन वाढवून हात हलका होतो हे पोरीला पटेना. तिच्या हातात दिलं तेव्हा पटलं. जड मशीनवाले खांद्यावरून पट्टा आणि इलॅस्टिकची दोरी घेऊन भार पाठीवर टाकतात. तेही चांगलं, पण मला दर पाच मिनिटांनी गुडघ्यावर बसायचं असतं आणि दोरी आडवी येते.

बारा

सकाळचा हिशेब: बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, कॅनच्या चकत्या, शिशाची एक गोळी, ट्रॅक्टरचा नट. मग पोरीच्या हेडफोनमध्ये एक बारीक, पण दोन्ही बाजूंनी सारखाच येणारा आवाज. मी तिला कॉइल आडवी फिरवायला लावली. आवाज तिथेच. चार इंच खाली मातीच्या ढेकळात चांदीचा अर्धचंद्र होता, नखाएवढा.

इंग्लंडात १२४७ पासूनच्या पेनीवर क्रूसाचे हात पार काठापर्यंत जातात. सुटे पैसे हवे असले की त्या रेघेवरून नाणं कापायचे. अर्धं कापलं की अर्धी पेनी, चौथाई कापलं की फार्दिंग. एडवर्ड पहिल्याने १२८० च्या सुमारास गोल सुटी नाणी पाडली तेव्हा ही कापाकापी मागे पडली. सबंध पेनी साधारण दीड ग्रॅमची, म्हणजे हा तुकडा पाऊण ग्रॅमही नसेल. दमलेल्या हाताला हा सापडत नाही. हात थकला की झोक्याच्या टोकाला कॉइल आपोआप उचलली जाते, वेग वाढतो, आणि असला क्षीण आवाज त्या दोन-तीन इंचांच्या फरकात बुडतो. दिवसभरात चुकलेल्या वस्तू कुणाला दिसत नाहीत, म्हणून खांदेदुखीला लोक केवळ खांदेदुखी समजतात.

तीन

पोळीभाजी खाऊन ओढ्याकडच्या पट्ट्यात. इथे लोखंड फार, म्हणून सहा इंची कॉइल लावली. ती धसकटांच्या दोन ओळींमध्ये नीट जाते आणि हलकीही आहे. एका झोक्यात जमीन कमी झाकते, पण दुपारी कुणाला कुठे पळायचंय? कॉइल बदलली की तोल बदलतो, म्हणून पिशवीतून मूठभर पेनी काढून खिशात टाकल्या. दर अर्ध्या तासाने हात बदलायचा. डावा हात पहिल्यांदा रडतो, नंतर शिकतो.

साडेपाच

खड्डे बुजवून वरची माती दाबून बसवली, कचरा पिशवीत. मालकाला नाणं दाखवलं. मिळेल त्यात निम्मं-निम्मं असं आमचं ठरलेलं आहे. एकटं नाणं १९९६च्या ट्रेझर ॲक्टमध्ये बसत नाही. बसलं असतं तर १४ दिवसांत कळवणं सक्तीचं. तरी सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या जिल्ह्याच्या फाइंड्स लियेझन ऑफिसरकडे ते नेऊ, म्हणजे जागेसकट नोंद राहील. १९९७ साली सुरू झालेल्या या नोंदणीच्या योजनेत पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या आहेत.

गाडीत पोरगी विचारते, "मावशी, मशीन कोकणात नेऊया का?" म्हटलं, तिथे १८७८चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, दहा रुपयांवरच्या ठेव्यालाही कलेक्टरकचेरी गाठावी लागते. ती हसली.

रात्री आठ

कॉइलवरचं प्लास्टिकचं झाकण काढून आतली माती धुतली. ती तशीच राहिली तर वजन वाढवते आणि खोटे आवाज देते. बॅटरी चार्जिंगला लावली.

तुमची उंची माझ्याएवढी असेल आणि मशीन घ्यायचा विचार असेल, तर दुकानात आधी दांडा पूर्ण आत सारायला सांगा आणि पाच मिनिटं हातात धरून झोके घ्या. मागचा कप पुढे सरकत नसेल, तर किंमत कितीही उतरलेली असो, ते मशीन घेऊ नका.